वेलिंग्टनचे हिमस्खलन आणि ‘पूर्वी कधीच नाही’ हा पुरावा

१

मराठी ही पावसाच्या आणि डोंगराच्या प्रदेशातील भाषा आहे. पावसाची रिपरिप, संततधार, झड आणि मुसळधार हे भेद ती सहज करते. डोंगराची माती वा खडक खाली आला तर ‘दरड कोसळली’ असे दोन शब्दांत सांगते. बर्फाच्या बाबतीत मात्र तिला संस्कृताकडे वळावे लागते, आणि ‘हिमस्खलन’ हा घडवलेला शब्द वापरावा लागतो. हा शब्द घडवलेला असला तरी चुकीचा नाही. संस्कृत ‘स्खल्’ या धातूत घसरण्याचा, पाय सुटण्याचा जो अर्थ आहे, तोच अर्थ लॅटिन ‘लाबी’ या क्रियापदात आहे. त्या क्रियापदापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘लाबिना’ आणि पुढे जर्मन भाषेत ‘लाविने’ हा हिमस्खलनवाचक शब्द आला. इंग्रजीने स्वीकारलेला ‘ॲव्हलांश’ हा फ्रेंच शब्द आल्प्सच्या बोलींतील ‘लावांश’सारख्या रूपांवरून आला असून, खाली उतरणे या अर्थाच्या दुसऱ्या एका फ्रेंच शब्दाच्या संसर्गाने त्याचे आजचे रूप ठरले, असे व्युत्पत्तिकार मानतात.

नाव असणे आणि ज्ञान असणे या दोन गोष्टी अर्थातच भिन्न आहेत. एखाद्या समाजाजवळ संकटाचे नाव असूनही त्या संकटाचे प्रकार, कारणे व पूर्वचिन्हे यांची व्यवस्था नसते. उलट, ज्यांच्याजवळ पारिभाषिक शब्द नाहीत अशी माणसे अनुभवाने ते संकट अचूक ओळखतात. हा अनुभव दप्तरात आणि न्यायालयात ग्राह्य केव्हा ठरतो, हा इतिहासाचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील वेलिंग्टन येथे १ मार्च १९१० रोजी झालेल्या हिमस्खलनाच्या निमित्ताने हा प्रश्न तपासून पाहता येतो. त्या दुर्घटनेत ९६ माणसे मृत्यू पावली. हिमस्खलनातील मृत्यूंच्या दृष्टीने अमेरिकेच्या इतिहासात एवढी मोठी दुसरी घटना नाही.

२

वेलिंग्टन हे गाव कास्केड पर्वतरांगेत, स्टीव्हन्स खिंडीच्या पश्चिम अंगास, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंचीवर वसले होते. गाव म्हणण्यापेक्षा ती रेल्वेची एक वस्ती होती. ग्रेट नॉर्दर्न कंपनीचा लोहमार्ग १८९३ साली या पर्वतातून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोहोचला. प्रारंभी गाड्या खिंडीवरून नागमोडी चढाने नेल्या जात. १९०० साली सुमारे अडीच मैलांचा कास्केड बोगदा पूर्ण झाला आणि त्याच्या पश्चिम तोंडाशी असलेल्या वेलिंग्टनला महत्त्व आले. तेथे स्थानक, कामगारांची घरे, एक लहान हॉटेल आणि उभ्या गाड्यांसाठी जादा रूळ होते. या रुळांच्या वर विंडी पर्वताचा उतार होता व खाली टाय नदीची खोल दरी होती.

या प्रदेशातील बर्फाचे स्वरूप ध्यानात घेतल्यावाचून पुढील हकीगत नीट समजणार नाही. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे कास्केडच्या पश्चिम उतारावर अडतात आणि हिवाळाभर तेथे प्रचंड हिमवर्षाव करतात. याच रांगेतील माउंट बेकर येथे १९९८–९९ च्या हंगामात १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. परंतु समुद्र जवळ असल्यामुळे येथील हवा फारशी थंड राहत नाही. तापमान गोठणबिंदूच्या आगेमागे घुटमळते. त्यामुळे पडणारा बर्फ जड व ओलसर असतो, आणि ऐन हिवाळ्यातही हिमवर्षावाचे रूपांतर एका रात्रीत पावसात होऊ शकते.

या शेवटच्या गोष्टीत खरा धोका आहे. ताज्या बर्फाचा थर उतारावर टिकून राहतो तो त्यातील कण एकमेकांस चिकटल्यामुळे आणि खालच्या थरास धरून राहिल्यामुळे. त्यावर पाऊस पडला म्हणजे दोन परिणाम एकदम होतात. थराचे वजन वाढते, आणि मुरणारे पाणी कणाकणांतील बंध सैल करते. भार वाढत असता आधार कमी होतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशा वेळी संपूर्ण थर फरशीच्या लादीसारखा एकसंध सुटून खाली येऊ शकतो. किनारी पर्वतातील मोठी हिमस्खलने बहुधा वादळ चालू असताना किंवा ते संपल्यावर अल्पावधीत होतात, त्याचे कारण हेच होय.

३

फेब्रुवारी १९१० च्या अखेरच्या आठवड्यात कास्केडमध्ये जे वादळ सुरू झाले ते नऊ दिवस चालले. सर्वांत वाईट दिवशी एका दिवसात ११ फूट बर्फ पडल्याचे सांगितले जाते. स्पोकेनहून सिअ‍ॅटलकडे निघालेली क्रमांक २५ ची प्रवासी गाडी व क्रमांक २७ ची टपालगाडी या दोन्ही प्रथम बोगद्याच्या पूर्व तोंडाशी अडकल्या. पुढे त्या बोगद्यातून वेलिंग्टनला आणण्यात आल्या आणि तेथील जादा रुळांवर उभ्या राहिल्या. त्या तेथून हलल्यानंतर पूर्वेकडील स्थानकाजवळच्या भोजनगृहावर हिमस्खलन कोसळले व तेथील दोन माणसे मेली. प्रवासी त्याच भोजनगृहात जेवले होते. ही वार्ता गाडीत पोहोचली तेव्हा आपल्या डोक्यावरील उताराकडे लोक निराळ्या दृष्टीने पाहू लागले.

मार्ग मोकळा करण्याचे प्रयत्न थोडे झाले नाहीत. विभागाचे अधीक्षक जेम्स ओ’नील स्वतः हिमनांगरांबरोबर दिवसरात्र राबत होते. परंतु एक ठिकाण साफ करावे तो दुसरीकडे बर्फाचा लोट रुळावर येई. हिमनांगर दोन लोटांच्या मध्ये अडकून पडले आणि त्यांचा कोळसा संपत आला. तारा तुटल्या. फावड्याने बर्फ उपसणाऱ्या मजुरांनी अधिक मजुरी मागितली, ती नाकारली गेली, आणि त्यांच्यातील पुष्कळ जण काम सोडून निघून गेले.

प्रवाशांपैकी काहींनी गाड्या बोगद्यात नेऊन ठेवाव्यात अशी मागणी केली. रेल्वेच्या लोकांनी ती मानली नाही. बोगद्यात धूर, थंडी व ओल यांचा त्रास होईल, तेथून माणसांची ने-आण कठीण जाईल आणि जेथे गाड्या उभ्या आहेत तेथे हिमस्खलन कधीच झालेले नाही, अशी त्यांची कारणे होती. काही धीट पुरुष उतारावरून घसरत, चालत खालच्या सीनिक स्थानकापर्यंत उतरले आणि वाचले. मदत व संपर्क यांसाठी ओ’नीलही पायी सीनिकला गेले. स्त्रिया, मुले, आजारी व वृद्ध यांना हा मार्ग नव्हता.

२८ फेब्रुवारीच्या रात्री हिमवर्षाव थांबला, उबदार वारा सुटला आणि पाऊस सुरू झाला. विजा चमकू लागल्या. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास विंडी पर्वताच्या उतारावरील बर्फाचा थर सुटला. तत्कालीन वर्णनांनुसार त्याची लांबी अर्धा मैल, रुंदी पाव मैल व जाडी दहा फूट होती. हॉटेलला धक्का लागला नाही. दोन्ही गाड्या मात्र रुळांसह सुमारे दीडशे फूट खाली दरीत फेकल्या गेल्या. २३ माणसे जिवंत निघाली. मृतांत ३५ प्रवासी होते आणि उरलेले रेल्वेचे नोकर होते. शेवटची प्रेते बर्फ वितळल्यावर, जुलैच्या अखेरीस हाती लागली.

४

दुर्घटनेनंतर झालेल्या चौकशीत मृत्यूचे कारण मानवी नियंत्रणापलीकडील ठरवण्यात आले. पुढे एका मृत प्रवाशाच्या वारसांनी कंपनीवर दावा लावला. खालच्या न्यायालयात ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु १९१४ साली वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि ही घटना ‘ईश्वरी कृती’ होती, असा निर्णय दिला. इंग्रजी कायद्यात या संज्ञेचा अर्थ धार्मिक नाही. मानवी हस्तक्षेपावाचून घडलेली व वाजवी दूरदृष्टीने टाळता न येण्याजोगी नैसर्गिक घटना, एवढाच तो आहे. अर्थात निर्णयाचा सारा भार ‘दूरदृष्टी’ या शब्दावर पडतो. वेलिंग्टनच्या त्या उतारावर हिमस्खलन होईल हे कोणास दिसू शकत होते काय?

या प्रश्नाला कंपनीचे उत्तर सरळ होते. त्या जागी पूर्वी कधीच हिमस्खलन झाले नव्हते, असे तेथे काम केलेल्या माणसांनी सांगितले. हे साक्षीदार खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी पाहिले नव्हते, ऐकले नव्हते, म्हणून ‘कधीच नाही’ असे ते म्हणाले. परंतु ‘कधीच’ हे कालवाचक अव्यय बोलणाऱ्याच्या स्मृतीएवढेच लांब असते. लोहमार्ग १८९३ साली आला, म्हणजे १९१० मध्ये त्या मार्गाचे वय १७ वर्षांचे होते. बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या स्थानकाचे महत्त्व तर १० वर्षांचेच होते. कामगार येत व जात. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहणारी वस्ती तेथे नव्हती. शंभर वर्षांतून एकदा सुटणारा उतार असला तर अशा वस्तीच्या अनुभवात तो बहुधा येणारच नाही. यावरून ‘कधीच नाही’ या शब्दांचा अर्थ तेथे ‘सतरा वर्षांत आम्ही पाहिले नाही’ एवढाच होता, असे म्हणावे लागते. न्यायालयात मात्र तो शब्द पर्वताच्या स्वभावाविषयीचा पुरावा म्हणून उभा राहिला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गाड्यांच्या वरच्या उतारावरील झाडी वणव्यांनी जळून विरळ झाली होती, आणि अशा वणव्यांच्या कारणांत विजांबरोबर रेल्वे-इंजिनांच्या ठिणग्याही सांगितल्या जातात. दाट उभे जंगल बर्फाचा थर जागच्या जागी धरून ठेवते व त्याचे सलग लादीत रूपांतर होऊ देत नाही. ते गेल्यावर तो उतार पूर्वीचा राहिलाच नव्हता. जुन्या उतारावर काही घडले नव्हते, ही साक्ष नव्या उताराला लागू पडत नाही.

कंपनीने पुढे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. १९१० च्या ऑक्टोबरात वेलिंग्टनचे नाव बदलून ‘टाय’ करण्यात आले, कारण जुन्या नावाने प्रवासी दचकत. त्याच सुमारास त्या जागी रुळांवर काँक्रीटचे भक्कम हिमछत बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. १९२९ च्या जानेवारीत सुमारे साडेबारा किलोमीटर लांबीचा नवा बोगदा सुरू झाला, आणि हा सारा धोक्याचा टप्पाच सोडून देण्यात आला. न्यायालयात ‘अकल्पनीय’ ठरलेली घटना अभियंत्यांच्या आराखड्यात याप्रमाणे चार वर्षे आधीच कल्पनेच्या कक्षेत आली होती.

५

त्या काळी हिमस्खलनाचे ज्ञान कोठेच नव्हते असे म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट गावाने वरच्या उतारावरील जंगल तोडू नये म्हणून केलेला करार १३९७ सालचा आहे. योहान कोआत्स या स्विस वनाधिकाऱ्याचा आल्प्समधील हिमस्खलनांवरील ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध झाला. धुळीसारखे उडत येणारे कोरडे स्खलन आणि जमिनीपासून सुटणारे ओले स्खलन यांत आल्प्सचे लोक पूर्वीपासून भेद करीत. कोआत्सने लोकभाषेतील या भेदांना शास्त्रीय वर्गीकरणात स्थान दिले. अमेरिकन रेल्वेच्या बोलीत या सर्वांना ‘स्लाइड’ हा एकच शब्द पुरत असे, मग ती माती असो, कोरडा बर्फ असो की पावसाने भिजलेला बर्फ असो.

युरोपातील ग्रंथ कास्केडच्या रेल्वे-अधिकाऱ्याने वाचावयास हवे होते, असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. पण जवळचाही अनुभव होता. याच किनारी पर्वतव्यवस्थेत, अलास्का व कॅनडा यांच्या सीमेवरील चिल्कूट खिंडीत, ३ एप्रिल १८९८ रोजी हिमस्खलन होऊन साठहून अधिक माणसे दगावली होती. ती क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधात निघालेली होती. आधी दीर्घकाळ हिमवर्षाव झाला होता व नंतर हवा उबदार झाली होती. त्या दिवशी स्थानिक त्लिंगिट भारवाहकांनी वर चढण्यास नकार दिला आणि इतरांनाही सावध केले, असे त्या घटनेच्या वृत्तांतांत नमूद आहे. त्यांच्याजवळ उष्णतामापक नव्हता. परंतु ‘खूप बर्फ, मग उबारा, मग डोंगर सुटतो’ हा क्रम ते ओळखून होते. तोच क्रम वेलिंग्टनला बारा वर्षांनी पुन्हा घडला.

वेलिंग्टनमध्येही ज्ञान अगदीच अनुपस्थित नव्हते. बोगद्यात हलवा म्हणणारा प्रवासी, जीव धोक्यात घालून खाली उतरणारा माणूस आणि पावसाचा आवाज ऐकून जागा राहिलेला नोकर यांना ते भीतीच्या रूपाने होते. भीती ही साक्ष म्हणून नोंदवता येते, पण पुरावा म्हणून मोजता येत नाही. अनुभवी अधिकाऱ्याचे ‘कधीच नाही’ हे विधान मात्र पुरावा मानले जाते. बोलणाऱ्याच्या अधिकारावरून विधानाचे वजन ठरण्याचा हा प्रकार भाषेच्या अभ्यासकांस अपरिचित नाही.

६

पुढील अर्धशतकात या एका ‘स्लाइड’ शब्दाची अनेक शब्दांत फोड होत गेली. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळ १९३० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या हिमसंशोधनाचे १९४२ साली स्थायी संस्थेत रूपांतर झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर माँटगोमेरी ॲटवॉटर यांनी युटा राज्यातील आल्टा येथे वनखात्यातर्फे हिमस्खलनाची पद्धतशीर निरीक्षणे आरंभिली. १९४९ साली स्विस तज्ज्ञ आंद्रे रॉश यांनी पश्चिम अमेरिकेतील पर्वतांची पाहणी करून त्यांचे हिमस्वभावानुसार विभाग पाडले, आणि त्यांत किनारी विभाग स्वतंत्र मानला. जमिनीवरील बर्फाचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १९५४ साली प्रसिद्ध झाले. एडवर्ड लाशापेल यांनी १९६६ साली किनारी व अंतर्भागीय हिमहवामानातील फरकांचे विवेचन करून, प्रत्येक ठिकाणी अंदाजाची पद्धत वेगळी का असावी लागते ते दाखवले. किनारी प्रदेशात वादळाकडे, तापमानाकडे व पावसाकडे पाहावयाचे. अंतर्भागातील कोरड्या, उथळ व थंड बर्फात मात्र जमिनीलगत आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या दुर्बळ थरांचा माग काढावयाचा.

या वर्गीकरणाचे महत्त्व असे की, ‘या उतारावर पूर्वी घडले होते काय?’ या प्रश्नाच्या जागी ‘या उतारावर आज कोणती परिस्थिती आहे?’ हा प्रश्न आला. पहिल्याचे उत्तर स्मृतीतून मिळते, दुसऱ्याचे निरीक्षणातून. वेलिंग्टनची ती रात्र आजच्या निरीक्षकापुढे ठेवली तर नऊ दिवसांचा हिमभार, तापमानाची वाढ, बर्फावर पाऊस, तीव्र उतार व जळालेले जंगल या पाच नोंदी तो करील, आणि पूर्वेतिहास ठाऊक नसतानाही माणसे हलवावयास सांगेल.

७

एवढ्यावरून ज्ञानाची वाट आता सरळ झाली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी स्टीव्हन्स खिंडीजवळ, म्हणजे जुन्या वेलिंग्टनच्या परिसरातच, टनेल क्रीक नावाच्या उतारावर हिमस्खलन होऊन तिघे जण मेले. हा उतार स्कीइंगच्या आखलेल्या व राखलेल्या मार्गांबाहेरचा होता. गेलेली माणसे अनाडी नव्हती. त्यांच्यात या क्षेत्रातील अनुभवी व व्यावसायिक मंडळी होती, आणि धोक्याचा इशारा त्या दिवशी प्रसिद्ध झालेला होता.

त्या महिन्याच्या आरंभी हवा निरभ्र व थंड असताना बर्फाच्या पृष्ठावर गोठलेल्या दवाचे, म्हणजे दहिवराचे नाजूक स्फटिक तयार झाले होते. त्यांवर नंतरच्या वादळाचा जाड थर बसला. दहिवराचा असा गाडला गेलेला पापुद्रा फार काळ दुर्बळ राहतो. किनारी पर्वतात तो तुलनेने विरळा आढळतो, कारण उबदार हवेत व जड बर्फात थर लवकर घट्ट बसतात. ‘किनारी बर्फ लवकर स्थिरावतो’ हा नियम बहुतेक वेळा खरा असतो. परंतु नियम जेव्हा निरीक्षणाची जागा घेतो, तेव्हा तोही वेलिंग्टनच्या ‘कधीच नाही’सारखाच वागू लागतो. ज्या वर्गीकरणाने जुना अपुरा शब्द दूर केला, त्यातील नवा शब्द पुढे स्वतःच अपुरा ठरू शकतो.

इशाऱ्याच्या भाषेतही ही अडचण आहे. युरोपात १९९३ पासून हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी वापरली जाते व उत्तर अमेरिकेतही तशीच श्रेणी रूढ आहे. अल्प, मध्यम, लक्षणीय, उच्च आणि अत्युच्च असे त्या पायऱ्यांचे अर्थ करता येतील. तिसरी पायरी पाचांच्या मध्यावर येते, म्हणून वाचणारा ‘लक्षणीय’चा अर्थ ‘मधला, चालण्यासारखा’ असा लावतो. वस्तुतः धोका पायरीपायरीने सारखा वाढत नाही. तो वरच्या दिशेने झपाट्याने चढत जातो. शब्दाचा कोशगत अर्थ आणि श्रेणीतील स्थानामुळे त्याला येणारा अर्थ यांतील ही तफावत माणसाच्या जिवाशी निगडित आहे.

८

वेलिंग्टनच्या जागी आज वस्ती नाही. लोहमार्ग उखडून गेल्यावर तेथे पायवाट झाली असून, जुन्या हिमछताचे काँक्रीट व बोगद्याचे तोंड पाहावयास माणसे जातात. विंडी पर्वताच्या उतारावर पुन्हा झाडी उगवली आहे. १९१४ च्या निर्णयात कायद्याच्या दृष्टीने चूक होती किंवा नव्हती, हा वाद विधिज्ञांचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातून घेण्याचा बोध वेगळा आहे. दप्तरात ‘पूर्वी कधीच नाही’ असे लिहिलेले आढळले, म्हणजे ते कोणी लिहिले, तो तेथे किती वर्षे होता, ज्या वस्तूविषयी लिहिले ती त्या वर्षांत तशीच राहिली होती काय, आणि ज्यांनी निराळे सांगितले त्यांचे म्हणणे कोठे नोंदले गेले, हे चार प्रश्न त्याने विचारले पाहिजेत. बोगद्यात हलवा म्हणणाऱ्या प्रवाशांचे म्हणणे सर्वांच्या कानी आले होते. ते पुराव्याच्या रकान्यात चढले नाही, आणि त्या रकान्याबाहेर राहिलेल्या वाक्याची किंमत ९६ माणसांनी दिली.